प्रलयकथांचा ताळा

प्रश्न : मनूची नौका, बायबलमधला नोहा, गिल्गामेशच्या महाकाव्यातला पूर या कथांवरून आमच्या घरात नेहमी वाद होतो. मुलगी म्हणते, गणित मांडून बघितलं की खरंखोटं कळेल. माझे वडील म्हणतात, श्रद्धेच्या गोष्टींना फूटपट्टी लावू नये. गणिताने यात खरंच काही सांगता येतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : येतं, पण कथेत आकडा असेल तरच. शतपथ ब्राह्मणातली मनूची कथा घ्या. सकाळी हात धुताना ओंजळीत आलेला मासा, मग घागर, मग खड्डा, मग समुद्र. पुढे प्रलय येतो, माशाच्या शिंगाला नौका बांधली जाते आणि ती उत्तरेच्या पर्वताला लागते. पाणी किती चढलं, किती दिवस राहिलं, नौका किती हात लांब होती, यातलं काहीही तिथे दिलेलं नाही. ताळा करायला आधी गणित मांडलेलं असावं लागतं. म्हणजे या कथेपुरतं तरी तुमच्या वडिलांनी निर्धास्त राहायला हरकत नाही.

नोहाच्या कथेचं तसं नाही. तिथे हिशेबनीस बसल्यासारखे आकडे आहेत. नौका ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. पाऊस चाळीस दिवस आणि चाळीस रात्री. पाणी सर्वांत उंच डोंगरांच्याही वर १५ हात. इतकं सगळं लिहून ठेवल्यावर कुणीतरी पाटी-पेन्सिल घेऊन बसणार हे ठरलेलंच होतं. १५५४ मध्ये योहानेस ब्यूतिओ या फ्रेंच गणितज्ञाने नौकेचं घनफळ काढलं. ते आलं साडेचार लाख घनहात, आजच्या मापात सुमारे ४१ हजार घनमीटर. त्यात जनावरं, त्यांचा चारा, गोदामं असं सगळं बसवून त्याने जागा पुरते असं दाखवलं. त्याला माहीत असलेले प्राणी मोजकेच होते, म्हणून हे जमलं. नौका भरण्याचा प्रश्न असा सुटला, पण पाण्याचा हिशेब काही केल्या सुटेना.

तो हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. पृथ्वीचं पृष्ठफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर, म्हणजे ८.८५ किलोमीटर. दोन्हींचा गुणाकार ४५१ कोटी घनकिलोमीटर. समुद्रसपाटीच्या वर असलेली जमीन यातली सुमारे १२ कोटींची जागा अडवते, ती वजा केली तरी ४३९ कोटी उरतात. आज सगळ्या महासागरांत मिळून पाणी आहे १३३ कोटी घनकिलोमीटर. म्हणजे आहेत त्याशिवाय आणखी तीनाहून जास्त महासागर आणावे लागतील. एव्हरेस्ट सोडा, नौका जिथे लागली असं परंपरा मानते तो अरारात ५,१३७ मीटर उंच आहे. तेवढाच बुडवायचा म्हटला तरी जवळपास दोन महासागर कमी पडतात.

हे पाणी आणायचं कुठून? हवेत आत्ता जेवढी वाफ आहे ती सगळी एकदम कोसळली तर पृथ्वीभर जेमतेम एक इंच पाणी साचेल. ध्रुवांवरचा आणि डोंगरांवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सत्तरएक मीटर चढेल. बायबलमध्ये पावसाबरोबर भूगर्भातले झरे फुटल्याचंही म्हटलं आहे, म्हणून जमिनीखालचं सगळं पाणी उपसू. ते पसरलं तर थर होतो ४५ मीटरांच्या आसपास. पृथ्वीच्या पोटात महासागर सापडल्याची बातमी अधूनमधून मोबाईलवर फिरते. ते पाणी शेकडो किलोमीटर खोलवरच्या खनिजांच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेलं आहे. तिथे ना तळं आहे ना झरा.

थॉमस बर्नेट या इंग्रज धर्मगुरूने १६८१ मध्ये हाच हिशेब मांडला आणि आठ महासागर लागतील असं उत्तर काढलं. तेव्हा समुद्राची खरी खोली कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून आकडा फुगला. पण गाडं कुठे अडतं हे त्याने बरोबर ओळखलं होतं. मग त्याने तोड काढली की पूर्वीची पृथ्वी गुळगुळीत होती, डोंगर नव्हतेच, तिचं कवच फुटलं आणि आतलं पाणी बाहेर आलं. उत्तर जुळत नाही म्हटल्यावर उदाहरणच बदलण्याची ही खोड जुनी आहे.

पाण्याच्या साठ्यापेक्षाही मला उष्णतेचा हिशेब जास्त निर्णायक वाटतो, आणि तो फारसं कुणी करत नाही. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, किलोमागे सुमारे २५ लाख ज्यूल. चाळीस दिवसांत ८,८४९ मीटर पाणी पडायचं तर रोज २२१ मीटर पाऊस हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. हा त्याच्या २३४ पट, तोही रोज आणि जगभर. प्रत्येक चौरस मीटरवर ८८ लाख किलो पाणी. त्यातून बाहेर पडणारी उष्णता चाळीस दिवसांत वाटली तर दर चौरस मीटरला सेकंदाला ६४ लाख ज्यूल येतात. सूर्याकडून वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला मिळते सेकंदाला १,३६१ ज्यूल. म्हणजे सूर्याच्या साडेचार हजार पटींहून जास्त आच, आणि ती बाहेर अवकाशात टाकायची तर वातावरण तापून तीन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जावं लागेल. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. लाकडी नौकेचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

चमत्कार मानायचा असेल तर गोष्ट वेगळी. देवाने पाणी निर्माण केलं आणि परत नाहीसं केलं म्हटलं की गणिताचं काम संपलं, वादही संपला. फक्त मग त्याला विज्ञानाचा आधार आहे असं म्हणू नये.

या सगळ्यांच्या आधी लिओनार्दो द व्हिंचीने एक छोटा हिशेब करून ठेवला होता, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा हिशेब तोच. उत्तर इटलीच्या डोंगरांत समुद्री शिंपले सापडत. लोक म्हणत, प्रलयाच्या पाण्याबरोबर ते वर आले. लिओनार्दोने जिवंत शिंपला कसा चालतो ते लक्षात घेतलं. तो वाळूत चर पाडत सरकतो, दिवसाला फार तर तीन-चार हात. एड्रियाटिक समुद्रापासून मोन्फेराटोपर्यंत अडीचशे मैल. चाळीस दिवसांत चार हातांनी गेला तरी १६० हात होतात. शिंपला अजून किनाऱ्यावरच आहे! मेलेले शिंपले लाटांनी वाहून आले म्हणावं, तर लहानमोठे शिंपले जिवंतपणी राहतात तसे एकत्र, दोन्ही झडपा जोडलेल्या स्थितीत कसे? तो कुठल्याही धर्मग्रंथावर बोलत नाही. तो शिंपल्याचा वेग आणि दिवसांची संख्या यांचा गुणाकार करतो आणि थांबतो.

इथवर वाचून तुमची मुलगी जिंकली असं वाटेल. पण याच गणिताची दुसरी बाजू आहे, आणि ती कथेच्या बाजूने बोलते.

गिल्गामेशची कथा जिथली, त्या मेसोपोटेमियात जाऊ, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये. बगदाद समुद्रसपाटीपासून सुमारे ३४ मीटर उंचीवर आहे आणि इराणच्या आखातापासून साडेपाचशे किलोमीटर आत. म्हणजे किलोमीटरमागे उतार जेमतेम सहा सेंटिमीटर. अशा जमिनीवर नदी एक मीटर चढली की पाणी पंधरा-सोळा किलोमीटर पसरायला मोकळं. आता नौकेच्या छपरावर माणूस उभा करा, डोळे पाण्यापासून दहा मीटर उंच. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याला किती लांबचं दिसेल? उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. त्याला सव्वाअकरा किलोमीटर दिसेल. शंभर मीटर उंचीची टेकडीसुद्धा ४७ किलोमीटरांपलीकडे असेल तर क्षितिजाखाली जाते. म्हणजे चारशे चौरस किलोमीटर सपाट शिवार पाण्याखाली गेलं की त्या माणसाच्या नजरेत सगळं जग बुडालेलं असतं. तो खोटं बोलत नाही. त्याला दिसलं तेच तो सांगतो.

आणि असे पूर तिथे आले होते. गिल्गामेशच्या कथेत प्रलयातून वाचलेला उत्नपिश्तीम ज्या शुरुप्पाक नगराचा, तिथल्या उत्खननात इसवीसनापूर्वी २९०० च्या सुमाराचा पुराचा गाळ मिळाला. त्याच देशात ऊर इथे पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुलीने १९२९ मध्ये अडीच मीटरांहून जाड गाळाचा थर शोधला आणि प्रलय सापडल्याची बातमी जगभर गाजली. पुढे कळलं की ऊरचा थर शुरुप्पाकच्या थरापेक्षा कित्येक शतकांनी जुना आहे. दोन गावं, दोन वेगळे पूर.

आता एक गंमत. ब्रिटिश म्युझियममधले अर्व्हिंग फिंकेल यांनी २०१४ मध्ये एका बॅबिलोनी मातीच्या पाटीचं वाचन पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलं. पाटी साधारण इसवीसनापूर्वी १९०० ते १७०० मधली. तिच्यात प्रलयाची नौका चक्क गोल आहे, टोपलीसारखी. खजुरीच्या तंतूंचा दोर वेटोळ्यांनी रचून वर डांबर फासायचं. तळाचं क्षेत्रफळ ३,६०० चौरस मीटर, भिंती सहा मीटर उंच. दोर किती लागेल त्याचा आकडाही पाटीत आहे, १४,४३० सूतू (हे बॅबिलोनी माप). फिंकेल यांनी आकार आणि दोराची जाडी धरून एका गणितज्ञाकडून हिशेब करून घेतला, तो आला १४,६२४. फरक एका टक्क्याच्या थोडा वर. हा दोर सरळ पसरला तर ५२७ किलोमीटर होतो, मुंबईहून बेळगावपर्यंत पोचून वर उरेल इतका.

हे वाचून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की आकडा जुळतो, म्हणजे नौका खरोखर बांधली होती. मला हे पटत नाही. बॅबिलोनच्या लेखकशाळांत दोर, विटा, डांबर यांचे हिशेब मुलांकडून घोटून घेत असत. पाटी लिहिणाऱ्याला वर्तुळाचं क्षेत्रफळ काढता येत होतं, एवढंच यावरून सिद्ध होतं. आपल्याकडे पाढे येणाऱ्या कुणालाही काल्पनिक हौद किती तासांत भरेल ते काढता येतं, पण म्हणून तो हौद कुठे बांधलेला असतो असं नाही. पाटीतल्या वर्णनाबरहुकूम केरळात लहान आकाराची एक नौका बांधून पाहिली गेली. ती तरंगली, पण आत पाणी झिरपत राहिलं.

काळ्या समुद्राचा सिद्धान्तही तुम्ही ऐकला असेल. विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन या भूवैज्ञानिकांनी १९९७ मध्ये मांडलं की सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचं पाणी बोस्फोरसमधून काळ्या समुद्रात घुसलं, रोज ४२ घनकिलोमीटर, आणि पातळी दिवसाला १५ सेंटिमीटर चढत गेली. भागाकार करून पाहा, क्षेत्रफळ २ लाख ८० हजार चौरस किलोमीटर येतं. त्या काळच्या आटलेल्या समुद्राला ते शोभतं, म्हणजे आकडे आपसांत जुळतात. पण दिवसाला १५ सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही. घर कायमचं जाईल, शेती जाईल, पण बिऱ्हाड पाठीवर टाकून चालत निघून जाता येतं. पुढे २००९ मध्ये डॅन्यूबच्या मुखाजवळच्या गाळाच्या अभ्यासातून पातळी पाच-दहा मीटरच चढली असावी असा दावा आला, आणि वाद अजून चालू आहे.

चीनचं उदाहरण मात्र पाहण्यासारखं आहे. तिथल्या कथेत नौका नाही. गुन नावाच्या माणसाने नऊ वर्षं पूर अडवायचा प्रयत्न केला आणि हरला, मग त्याच्या मुलाने, यूने, तेरा वर्षं राबून पाण्याला वाट करून दिली आणि श्या राजघराण्याचा पाया घातला. २०१६ मध्ये वू छिंगलोंग आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की पीत नदीच्या जिशी घळीत दरड कोसळून धरण तयार झालं, सहा ते नऊ महिने नदी अडली, आणि इसवीसनापूर्वी १९२० च्या सुमारास ते फुटलं. सुटलेलं पाणी ११ ते १६ घनकिलोमीटर, सर्वाधिक प्रवाह सेकंदाला सुमारे चार लाख घनमीटर. पाण्याने कुठवर गाळ टाकला त्यावरून खोली, दरीच्या नकाशावरून उतार आणि रुंदी, त्यावरून वेग, असा हा हिशेब. पुराच्या पाण्याचा वेग आपले पाटबंधारे खात्याचे अभियंतेही याच सूत्राने काढतात.

त्यांच्या आकड्यांचा ताळा आपणही करू. त्या भागात नदीचा सरासरी प्रवाह सेकंदाला सातशे घनमीटरच्या आसपास. १५ घनकिलोमीटर पाणी साठायला २ कोटी १४ लाख सेकंद लागतील, म्हणजे २४८ दिवस, आठ महिने. जुळलं. आता उलट बाजूने बघा. १६ घनकिलोमीटर पाणी सेकंदाला चार लाखांच्या प्रवाहाने वाहून जायला चाळीस हजार सेकंद लागतात, अकरा तास! प्रवाह ओसरत जातो म्हणून थोडा जास्त वेळ धरा, तरी मामला काही दिवसांचा. कथेतला पूर तर बाप-लेकांची मिळून बावीस वर्षं खातो. संशोधकांचं म्हणणं असं की या लोंढ्याने खालच्या मैदानात नदीचं पात्र बदललं आणि पुढे कित्येक वर्षं पूर येत राहिले. शक्य आहे. पण पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात त्यावर आक्षेप छापून आले. धरण फुटलं यावर माझा विश्वास बसतो, त्याचा धागा यूच्या कथेपर्यंत नेणं मला अजून ओढूनताणून वाटतं.

प्रश्न : पण जगभर इतक्या लोकांत पुराच्या कथा आहेत. एकच महापूर सगळ्यांनी पाहिला असल्याशिवाय हे कसं शक्य आहे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : साक्षीदार पुष्कळ आहेत हे खरं, पण साक्ष कशाची आहे ते बघू. एखादी गोष्ट खरी असती तर जे दिसलं असतं तेच ती खोटी असतानाही दिसणार असेल, तर तो पुरावा म्हणून कामाचा नाही. थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या सूत्राचा गाभा एवढाच आहे. माणसं नदीकाठी राहतात, म्हणून महापूर एकच असो की हजार असोत, कथा तयार होणारच.

किती खात्रीने, तेही काढता येतं. 'हजार वर्षांतून एकदा' येणारा पूर म्हणजे दर वर्षी हजारात एक शक्यता. न येण्याची शक्यता ०.९९९. तीन हजार वर्षं वसलेल्या गावासाठी हा आकडा तीन हजार वेळा स्वतःशी गुणा, उरतात जेमतेम पाच टक्के. म्हणजे नदीकाठच्या शंभर प्राचीन गावांपैकी ९५ गावांनी असा एखादा पूर कधी ना कधी पाहिलेला असणार. याच सूत्राने 'शंभर वर्षांतला पूर' तीस वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के निघते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आता शंभर वर्षं काळजी नाही, असं तेव्हा काहीजण बोलत होते. २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली.

तरी काही कथा या साध्या हिशेबात बसत नाहीत. ऑस्ट्रेलियात पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या संशोधकांनी किनाऱ्यावरच्या २१ ठिकाणच्या आदिवासी कथा तपासल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत पूर येऊन ओसरत नाही. समुद्र येतो आणि तिथेच राहतो. ङुरुंदेरी या पूर्वजाच्या दोन बायका पळून जाताना पायी कांगारू बेटाकडे निघतात, तो समुद्राला चढायला सांगतो आणि त्या बुडून खडक होतात. आज तिथे तीसेक मीटर खोल सामुद्रधुनी आहे. शेवटच्या हिमयुगानंतर जगभर समुद्र सुमारे १२० मीटर चढला. कोणत्या काळी पातळी किती होती याचा आलेख उपलब्ध आहे. ही वाट पायी पार करता येण्याचा शेवटचा काळ त्यावरून सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा येतो.

दहा हजार वर्षं गोष्ट टिकेल कशी? पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर ४०० पिढ्या. प्रत्येक पिढीत गोष्ट बिघडण्याची शक्यता एकच टक्का धरू (हा आकडा माझा). तरी शेवटपर्यंत शाबूत राहण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. पण नन आणि रीड यांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं आहे. या समाजात कथा नीट सांगितली जाते की नाही हे तपासणं ठरावीक नातलगांचं कर्तव्यच असे. समजा तिघांना कथा पाठ आहे आणि दोघे चुकले तरच ती बिघडते. मग पिढीमागे बिघाड दहा हजारांत तीन होतो आणि ४०० पिढ्यांनंतर टिकण्याची शक्यता ८९ टक्क्यांवर जाते. दोन टक्क्यांवरून ८९, केवळ चूक दुरुस्त करणारे कान असल्यामुळे. यावरून कथा खरी ठरली असं म्हणता येत नाही. दहा हजार वर्षं स्मृती टिकणं अशक्य आहे, हा आक्षेप मात्र निकालात निघतो.

तेव्हा माझा निवाडा असा. साऱ्या पृथ्वीचा एकच प्रलय गणिताने बाद ठरतो. गावोगावचे महापूर जवळपास खात्रीचे ठरतात. आणि समुद्र चढल्याच्या काही कथांना चक्क तारीख लावता येते.

आपल्याकडच्या नद्यांवरही असं काम झालं आहे. पुणे विद्यापीठातले भूगोलाचे माजी प्राध्यापक विश्वास काळे आणि त्यांचे सहकारी यांनी नर्मदा आणि तापीच्या काठच्या गाळावरून जुने महापूर मोजले आहेत. तुमच्या गावात देवळाच्या पायरीवर, घाटावर किंवा वाड्याच्या भिंतीवर जुन्या पुराची खूण असेल तर ती रंगवून टाकण्याआधी तिची उंची नदीच्या नेहमीच्या पातळीपासून मोजा, वर्ष माहीत असल्यास लिहा, सोबत फोटो काढा आणि या सदराकडे पाठवा.